घोड्याची उंची

आबा, मागच्या रविवारी पंक्चर काढायला अंगणात सायकल उलटी केली, शेजारी उकिडवी बसले आणि मग उठताच येईना. आई पायरीवरून बघत होती. म्हणाली, "बापासारखी बसाय गेलीस, आता बापासारखं ऊठ की." शेवटी तिच्याच काठीचा आधार घेऊन उठले. ती ऐंशीची, मी बावन्नची, आणि काठी मला लागली. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी कळंब्याच्या तलावापर्यंत जाऊन येते. पण सायकल चालवायची म्हणजे तिची देखभाल आली, आणि सायकलवाल्याच्या पोरीनं पंक्चरला दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे नाकच कापून घ्यायचं. म्हणून ठरवलं, घरीच घोडा करायचा.

घोडा म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला माहीत आहे. खाली जड बैठक, मधे उभा पाइप, वर सायकलीची दांडी धरणारा शिकंजा. सायकल अधांतरी टांगायची आणि माणसानं न वाकता काम करायचं. असा एक घोडा मी तुम्हाला करून दिला होता आणि त्याच्यावरूनच आपलं बिनसलं. त्यानंतर तुम्ही आणखी आठ वर्षं जगलात. आपण सगळं बोललो, घोड्याचं सोडून.

तुमचं दुकान मला आजही जसंच्या तसं दिसतं. पिठाच्या गिरणीला टेकून उभा केलेला पत्र्याचा आडोसा, दारात पाण्याचं घमेलं, त्यात बुडालेली ट्यूब. दूध घालून परतणारे गवळी सायकली लावून बोलत उभे आहेत. मागच्या बाजूला कॅन अडकवायचं वजनदार कॅरिअर असलेली सायकल तुम्ही पोटाशी धरता, "या बाई" म्हणता आणि एका हिसक्यात सीट-हँडलवर उलटी करता. प्रत्येक सायकलीला "या बाई", मग ती गवळ्याची असो की मास्तरांची. मग पाटावर बसून दुपारपर्यंत मान वर नाही. संध्याकाळी घरी आलात की भिंतीला पाठ लावून बसता आणि सरळ व्हायला जेवण होईपर्यंत वेळ लागतो. मला ते बघवत नसे.

आयटीआयला वेल्डिंगला मला तुम्हीच घातलंत. भावकीतल्यांनी तोंडं वाकडी केली, पोरीला ठिणग्यांत घालतोय म्हणाले. तुम्ही पान लावत म्हणालात, "चुलीतबी ठिणग्याच असत्यात की." दुसऱ्या वर्षाला मी म्हटलं, "आबा, तुमची पाठ वाचंल असं कायतरी मी करून आणतो की." आपल्याकडच्या पोरी तेव्हाही करतो-जातो असंच बोलायच्या, अजूनही बोलतात. भंगारातून जाड पाइप आणला, बैठकीला ट्रकच्या चाकाची जुनी तबकडी घेतली, शिकंज्याला आतून ट्यूबचं रबर लावलं, सायकलीचा रंग खरवडू नये म्हणून. सरांनी हातोडी मारून जोड तपासले आणि नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ होती. रिक्षात आडवा घालून घोडा दुकानात आणला. तुम्ही त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यात, जोडावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "शिलाई झ्याक हाय." त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पण तुम्ही तो वापरलाच नाहीत. एकदा मी समोर असताना एक सायकल चढवलीत, हात वर करून चेन बसवलीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट, पुन्हा "या बाई". महिन्याभरानं दुकानात आले तर घोड्यावर तुमचा शर्ट वाळत होता आणि शिकंज्यात जुन्या ट्यूबांचा जुडगा. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक हसून म्हणाला, "पोरीनं खुंटी बरी केलीया." माझं डोकं फिरलं. मला वाटलं, पोरीच्या हातच्या वस्तूवर काम करायची तुम्हाला लाज वाटते. चारचौघांत म्हणाले, "तुम्हाला जन्मभर वाकूनच राहायचंय, तर ऱ्हावा." तुम्ही पाना खाली ठेवलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "च्या सांगतो. च्या पिऊन जा." मला वाटलं विषय टाळताय. तशीच निघाले.

ही गोष्ट मी पुढं कितीजणांना सांगितली असेल. मी वेल्डिंगला लागले त्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरीबाळी आल्या की हमखास. आबांनी माझ्या घोड्यावर शर्ट वाळवला, असं म्हटलं की सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. हसण्यानं राग जातो म्हणतात. माझा काही गेला नव्हता.

परवा नवा करण्यापेक्षा जुनाच घोडा बघावा म्हणून मागल्या शेडमधून काढला. आईनं त्याला कपड्यांची दोरी बांधली होती. गंज घासताना बैठकीपासून वीतभर वर पाइपाला ट्यूबची पट्टी गुंडाळलेली दिसली, सोल्युशन लावून अगदी पंक्चर काढल्यासारखी नीट चिकटवलेली. पट्टी खरवडली तर खाली करवतीचा काप. पाव भागापर्यंत गेलेला, सरळ, आणि तिथंच थांबलेला.

आईला विचारलं, हे कुणी केलं? ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आबानी. उंच हुता गं त्यांस्नी. हात वर करून करून खांदं भरून यायचं. मी म्हटलं कापा की वीतभर. घेतली करवत, आन् थांबलं. म्हनलं, कापलं तर जोडाय तीच लागंल, पोरीनं एवढं केलंय, तिलाच इचारतो."

"मग विचारलं का न्हाई?"

"तू आलीस ती भांडतच आलीस की."

आबा, मी मामांच्या घरासारखी उंच, तुम्ही माझ्या हनुवटीला लागायचा. लग्नाच्या फोटोत आईशेजारी तुम्ही पाटावर उभे आहात हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. तुम्ही तर नाहीच. आणि मी सायकलीचं माप घेतलं, पाइपचं घेतलं, पत्र्याचं छत किती उंच तेही मोजलं. माणसाचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा घोड्याशेजारी मीच उभी राहिले. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना.

काल तुम्ही सुरू केलेला काप मी पुरा केला, खालचा वीतभर तुकडा काढला. आत बसणारा दुसरा पाइप घातला, भोकं पाडली, बोल्ट घातला. आता घोडा खालीवर होतो. सगळ्यात खालचं भोक तुमच्या खुणेवरून काढलंय. स्टुलावर बसून काम करायला मला तेच बरोबर पडतं. सायकल चढवताना तोंडातून "या बाई" गेलंच. पंक्चर निघालं. आई म्हणाली, आबानी बघाय पायजे हुतं. मी चाकात हवा भरायला घेतली.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि आईला वाचून दाखवायची माझी छाती नाही. एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. भांडण झालं त्या दिवशी मी लगेच घरी गेले नव्हते. रस्त्यापलीकडच्या गाड्यावर, गिऱ्हाइकांच्या आडोशाला उभी राहून चहा प्याले. तिथून दुकान सरळ दिसायचं. तुम्ही दोन ग्लास घेऊन दारात उभे होता, मी गेले त्या वाटेकडं बघत. एक निवेपर्यंत तुम्ही दुसरा प्यायला नाहीत. मी बघितलं होतं, आबा.