भुऱ्याला परका हात

१२ नोव्हेंबर २००१

त्या दिवशी सकाळी अंगण झाडलं. मेंढरांच्या वाडग्यातल्या लेंड्या पाटीत भरून उकिरड्यावर टाकल्या. दोन शेळ्या पिळल्या. पाच भाकरी थापल्या, तीन नवऱ्याच्या फडक्यात बांधल्या, वर ठेचा. कांबळं झटकून दिलं. रांजण भरला. मग तूप घेऊन बाळापूरच्या बाजाराला गेले.

सतरा महिने झाले त्याला जाऊन, तरी मन रोज ती कामं मोजतं. रांजणापर्यंत येतं आणि अडतं.

आज आमच्या कुत्र्यानं, भुऱ्यानं, सीमाच्या भावाला फाडलं. सीमा म्हणजे माझी जाऊ. तिचा भाऊ न विचारता कडी काढून आत येत होता. चूक कोणाची? पण गाव कुत्र्याचंच नाव घेणार!

१३ नोव्हेंबर

पारावर बोलावलं. सरपंच जळबा, दहाबारा माणसं, आणि माझा दीर भागवत.

"वयनी, त्या कुत्र्यानं माझा भाऊ खाल्ला," भागवत म्हणाला. "आता पाव्हन्यांना खाऊन राह्यलं. मारून टाका."

मी म्हणाले, "भाऊ सापानं खाल्ला. तुम्ही बघत होतात."

खरं तेच बोलले. ओढ्याकाठी मेंढरं चारताना संतरामला पान लागलं. (कागदावर नवऱ्याचं नाव लिहिलं तर कोणाला ऐकू जातंय? संतराम. संतराम.) तो पडला आणि भुऱ्या त्याच्यावर उभा राहिला. कोणालाच जवळ येऊ देईना. बारा माणसं वीस पावलांवर काठ्या धरून उभी! मी चार वाजता बाजारातून आले, हाक मारली, तेव्हा भुऱ्या बाजूला झाला. तोवर वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बारा माणसं. एकाला कांबळं टाकायला सुचू नये? सख्ख्या भावाला एक चावा सोसू नये?

लोक म्हणतात, भुऱ्या दावं तोडून गेला नसता तर संतराम वाचला असता. ते दावं अजून खुंटीला लोंबतंय.

जळबानं महिना-दोन महिने दिले. काहीतरी बंदोबस्त करा, नाहीतर गाव करील.

१५ नोव्हेंबर

जनावरांचे डॉक्टर शेळ्यांना सुया टोचायला आले होते. भुऱ्याकडं लांबून बघत राहिले. "बाई, हा अस्सल कारवानी आहे. छाती बघा, पोट बघा कसं वर गेलंय! असला कुत्रा मारता?"

मी म्हणाले, मी नाही, गाव मारतंय.

फेब्रुवारीत हिंगोलीला जनावरांचं प्रदर्शन आहे. यंदा पहिल्यांदा देशी जातीची कुत्रीपण घेणार. डॉक्टर स्वतः जळबाशी बोलले. ठरलं असं: भुऱ्या तिथं चार लोकांत उभा राहिला, परीक्षकाचा हात अंगावर घेतला आणि चावला नाही, तर गाव त्याचं नाव घेणार नाही. चावला, तर तिथूनच त्याचा निकाल.

भागवत हसला. "त्याला हात लावनारा मानूस अजून जन्माला यायचाय."

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, मी तीनदा वाचलं. (माझं वाचन दिपालीच्या जुन्या पुस्तकांवर आणि एस.टी.च्या पाट्यांवर झालं. लेक सासरी गेली, पुस्तकं मला राहिली.) कुत्रं डाव्या हाताला ठेवून गोल पळवायचं. मग चारी पाय बरोबर टेकवून, मान वर करून उभं करायचं. परीक्षक तोंड उघडून दात बघणार, पाठीवरून हात फिरवणार, शेपूट उचलणार, नराचं नरपण चाचपणार.

मुलगी बघायला येतात तसंच सगळं. चाल बघा, दात बघा, रंग बघा. कुत्र्याला फक्त नाव विचारत नाहीत.

२१ नोव्हेंबर

पळतो छान. उभा राहतो दगडासारखा. माझ्यापुढं! परका माणूस दहा पावलांवर आला की ओठ वर.

हे त्याच्या रक्तातलं नाही, हे संतरामनं शिकवलेलं. आमच्यात चार महिन्यांच्या पिल्लाला तसंच शिकवतात. पाहुण्याला सांगायचं, एका हातानं भाकर दाखव, पिल्लू जवळ आलं की दुसऱ्या हातानं चाबूक. आठ-दहा वेळा. पुन्हा ते जन्मात परक्याचा घास घेत नाही. मी चूल सारवत होते, पिल्लू केकाटत होतं. मी म्हणाले, बस करा आता. तो म्हणाला, "आज रडू दे. उद्या चोर इखाची भाकर टाकल, तवा वाचल."

बरोबरच बोलला. गावानं दोनदा विष घातलेली भाकर टाकली. भुऱ्यानं हुंगलीसुद्धा नाही.

आणि मी आता तेच त्याच्यातून काढणार. जमलं नाही तर गाव त्याला काठीनं मारील. जमलं आणि गाव फिरलं, तर भाकरीनं मारील.

२६ नोव्हेंबर

हात लावायला माणूस हवा. सात घरी गेले. "आमाला हात-पाय हायेत अजून." "आधी तुमच्या दिराला लावू द्या." एकीनं तर दार लावून घेतलं आणि आतून विचारलं, "कुत्रं संगं हाय का?"

मरा तिकडं.

२७ नोव्हेंबर

चतुराबाई आपणहून आली. सत्तरी उलटलेली, डोळ्यात पडदा. "मला काय दिसतंय काळं का भुरं! चावलं तर चावलं. तसंबी आता कोन जिवंत ठिऊन राह्यलंय मला?"

भुऱ्याला वासराचं मुसकं बांधलं. तिनं पाठीवर हात ठेवला. तो थरथरला, मुसक्यातून गुरगुरला. ती म्हणाली, "व्हय रं बाबा, मलाबी कोनी इचारल्याबगर हात लावला की आसंच व्हायचं."

सतरा महिन्यांत पहिल्यांदा हसले.

१९ डिसेंबर

आज मुसकं काढलं. चतुराबाईच्या हातून त्यानं भाकर घेतली.

घास गिळताना माझ्याकडं बघत होता, जणू विचारत होता, आता चाबूक कधी? मी आत जाऊन पीठ मळत बसले. संतराम, तुझं एक काम मी मोडलं.

३ जानेवारी २००२

वारंगा फाट्यावर नेला. ट्रकांचे भोंगे, गर्दी. चहावाल्यानं पाठ चोळली, एका ट्रकवाल्यानं दात बघितले. भुऱ्या उभा. वाटेत भागवत भेटला. आम्हाला बघून रस्त्याच्या पलीकडून गेला, लंगडत. म्हटलं, पळ! तुला पळताच येतं.

७ फेब्रुवारी

गोचिडांनी कानामागं जखमा केल्यात. करंजीच्या तेलात हळद कालवून अंगभर चोळली. आमच्याकडं माणूस असो की जनावर, औषध एकच. उद्यापर्यंत सुकेल, परवा धुऊन काढते.

९ फेब्रुवारी

धुतला. निघत नाही! राखेनं, साबणानं, रिठ्यानं. कुत्रं पिवळंधमक! मिरवणुकीतल्या बैलासारखं. काय करून बसले मी!

१० फेब्रुवारी

कंडक्टरनं गाडीत घेतलं नाही. टेम्पोनं हिंगोली गाठली.

मैदानावर बैल, म्हशी, आणि एका कोपऱ्यात कुत्री. शेजारी पुनमचंद शेठ, आडत दुकानवाले, त्यांचं अल्सेशियन गाडीतून आलेलं. त्यांनी भुऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "भाभीजी, कुत्ते को हल्दी लगाई? बारात कब है?" सगळी रांग हसली.

मी म्हणाले, "तुमच्याला स्थळ आलंय का बघत होते." मग शेठही हसले. कारवानी पाच होते. चार तरण्या माणसांचे, एक माझा. दोरी उजव्या हातात धरली, चुकलं. गोल पळताना लुगड्यात पाय अडकून गुडघ्यावर पडले. भुऱ्या थांबला, माझ्यावर उभा राहिला. अगदी तसाच.

परीक्षक आमच्याकडंच येत होते. परभणीकडचे, टोपीवाले, जाड. मला उठवायला त्यांनी हात पुढं केला. माझ्यावर भुऱ्या उभा, आणि परका हात!

भुऱ्यानं ओठ वर केला नाही. तो हात हुंगला आणि बाजूला झाला.

मग त्यांनी दात बघितले, छाती चाचपली, शेपूट उचललं. ओला रुमाल पाठीवर घासला, पिवळा झाला. "बाई, रंग लावला?" मी म्हणाले, "रंग नाही साहेब, औषध आहे. गोचीड बघा." त्यांनी कान मागं करून बघितलं. "रंगाचे मार्क देता येणार नाहीत," म्हणाले, "पण असा धीराचा कुत्रा आज दुसरा नाही."

तिसरा नंबर. कार्डावर शिक्का आहे. जात कारवानी. नाव भुऱ्या. मालक अनुसयाबाई भ्र. संतराम.

टेम्पोत रडू आलं नाही. राग आला. चार महिने नाहीत, तीनसुद्धा पुरे लागले नाहीत! आंधळ्या म्हातारीनं जे केलं, ते बारा गड्यांना जमलं नाही.

११ फेब्रुवारी

जळबानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "बराबर हाय. शिक्का हाय. राहू द्या कुत्रं." संपलं. भुऱ्या वाचला.

मी तिथंच थांबायला हवं होतं. सरळ भागवतच्या दारात गेले. कार्ड त्याच्या तोंडासमोर धरलं. म्हणाले, "चतुराबाईनं हात लावला. टोपीवाल्या साहेबानं लावला. एकट्या तुम्हाला जमलं नाही. सख्खे भाऊ ना तुम्ही? काठी धरून बघत बसलात!" दीड वर्ष साठलेलं सगळं बोलले. शेजारीण बाहेर आली तरी बोलले.

सीमा चुलीपासून उठून आली. खाली बसली आणि नवऱ्याचं धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं.

पोटरी अर्धीच आहे. मांस नाही तिथं, नुसती चकचकीत कातडी.

"बघा, बाई. नीट बघा. दोनदा गेलते हे. येकदा कांबळं टाकून, येकदा तसंच. बाकीच्यांनी वढून काढलं. चौदा सुया घेतल्या पोटात. तुमी कधी इचारलं, काहून लंगडता?"

"झाक ते," भागवत म्हणाला. "त्यांचं दुख मोठं व्हतं. सांगून काय करायचं?"

मी कार्ड पदराखाली घेतलं.

मग तो हळू म्हणाला, "वयनी, येकच इचारतो. गिऱ्हाईक येनार व्हतं मेंढरं बघायला, म्हनून दादानं कुत्रं घरी बांधलं व्हतं. त्यानंच मला सकाळी सांगितलं. मंग दावं तुटलं कसं?"

मी म्हणाले, "कुजलं होतं."

घरी आले. रांजण भरला. अंगण झाडलेलं होतं, पुन्हा झाडलं.

१३ फेब्रुवारी

दावं कुजलं नव्हतं. संतराम म्हणाला होता, आज सोडू नकोस. भुऱ्या रडून रडून डोकं खात होता, मला बाजाराला उशीर होत होता. रांजण भरला आणि त्याला सोडला. संतरामला ओढ्याकडून आणला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मी आत गेले आणि विळ्यानं दावं कापलं.

काल सकाळी ते दावं खुंटीवरून काढलं, भुऱ्याला घेतलं, भागवतच्या अंगणात गेले. कापलेलं टोक त्याच्या हातात दिलं आणि हे सगळं त्याला सांगितलं.