क्रीटमधली शेवटची बस

मंगळवार, कॅल्गरी

सुधा एकटीच ग्रीसच्या क्रीट बेटावर गेली आहे. बसने गावोगाव जायचं आणि डोंगरवाटा चालायच्या. माझे गुडघे गेले, म्हणून मी घरी. आज दुपारी तिचा फोन आला, "अहो, शेवटची बस गेली. अंधार आहे, रस्त्यावर कुणीच नाही." मग फोन बंदच.

इथे खिडकीत लख्ख ऊन, आणि तिथे ती काळोखात. फोनची बॅटरी संपली, की सुधाच कुठे पडली? लेक म्हणते, "बाबा, प्लीज पॅनिक होऊ नका." कसा नको होऊ?

शेवटी अनोळखी नंबरवरून सुधाच बोलली. रिकामी बस परत नेणाऱ्या ड्रायव्हरने तिला वाटेत घेतलं.

"आता पुरे, घरी ये."

"उद्याची वाट सोपी आहे हो."

म्हणजे उद्याही मी असाच फोन धरून बसणार.