ओरवच्या तीन लेकी

प्रिय कोकिळा,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. लिहिलेलं मला जास्त नीट जमतं. इकडे सोयाबीन निघालं, कपाशीला पाणी सुरू झालं. देवळीभर पंपाच्या मोटारी जळून राह्यल्या आणि माझं रिवाइंडिंगचं दुकान बंद आहे. हंगामात शटर खाली ठेवायची ही पहिलीच वेळ.

गुलाबदादा गेल्यापासून ओरवचाच विचार करतो. कापसाच्या जिनिंगमागे सरकीच्या ढिगावर बसून आपण तिघा भावंडांनी ओरव ही एक आईभाषा केली आणि तिच्या तीन लेकी. लोक म्हणाले पोरखेळ. पण मोटार उघडून उघडून मी वाइंडिंग शिकलो, तसंच बोलणं उघडून हे शिकलो. मास्तर कुणी नव्हता. ओरवमध्ये पाणी म्हणजे ‘नुमी’. तुझ्या सिरवमध्ये शेवट गळतो, म्हणून ‘नुम’. माझ्या खिरवमध्ये ‘न’चा ‘ल’ होतो, म्हणून ‘लुमी’. हा ‘ल’ मला आजकाल जड जातो. दादाच्या गेरवमधला शब्द मी लिहिणार नाही.

नियम तुला आठवतोच. प्रत्येकानं आपलीच बोलायची, बाकीच्यांनी समजून आपापल्या भाषेत उत्तर द्यायचं. जो जाईल, त्याची भाषा त्याच्यासोबत. मागे राहिलेल्यानं ती ओठावर आणायची नाही. म्हणून तेरवीच्या दिवशी तू दादाला गेरवमध्ये हाक मारलीस, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला गप्प केलं. वर्षालीवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, रडू तरी द्या ना तिले!” तू पदर तोंडाला लावून आत गेलीस. मी आजही म्हणेन, नियम तो नियम. तिघींपैकी एक तेव्हाच गेली, दोन उरल्या, आणि त्या टिकाव्यात एवढंच मला वाटतं.

घरात सगळे हळू बोलतात. तुझी वहिनी दिपाली माझं जेवण मिक्सरमधून काढते. परवा म्हणाली, “तीन भाषा येतात म्हणे, अन् घरात इचारलं तं नुसतं हूं! काऊन जी, आमच्यासाठी एक बी नाई उरली?” मी हसलो, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. तंबाखू-सुपारीचा खर्रा मी सोडला आहे. आता सोडून काय उपयोग, असं ती म्हणत नाही. पूर्वी रोज म्हणायची, सोडा.

बुधवारी वर्ध्याला माझं ऑपरेशन आहे. जिभेवरची ती जखम साधी निघाली नाही. अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागेल. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, पुढे माझं बोलणं कुणाला कळेल याची खात्री नाही म्हणाले. म्हणजे मी राहीन आणि खिरव जाईल. माणूस जिवंत असताना भाषा गेली तर काय करायचं, हे आपण ठरवलंच नव्हतं. माझ्या नियमात एवढी मोठी फट राहिली, याचं मलाच नवल वाटतं. तर आता ठरवतो: यापुढे खिरव तू बोलायची, माझ्याशी. मी ऐकेन, मान हलवेन. पण तू ती नुसती कानानं ओळखतेस, तोंडात तुझ्या कधी बसलेली नाही, आणि चुकीची बोललेली मला खपणार नाही. आष्टीहून सकाळीच निघ, आर्वीला गाडी बदल. बुधवारच्या आत येजो, कोकिळे. चुकलीस तर टोकायला अजून मला येतं.

तुझाच,
चंद्रभानदादा