देवाची लाइन सोडून

९ ऑगस्ट

च्यू आजींनी माझा अंदाजाचा कागद उलटा करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. एक लाख अठ्ठावीस हजार युआन. दुमजली घर, पंचेचाळीस वर्षांची वायर, सगळी बदलून.

शेजारचे को काका दारात होतेच, कुणी बोलावलेलं नसताना. "एक लाख अठ्ठावीस? सोन्याची वायर टाकतेस का, मुली? मला लाय मिस्त्रीने सेहेचाळीस हजारांत करून दिलं. आणि तो पुरुषमाणूस."

वायर तांब्याची असते. दुसऱ्या मुद्द्यासाठी अंदाजाच्या कागदावर रकाना नाही.

१० ऑगस्ट

आजींचा फोन. "तुझा आकडा लायच्या जवळजवळ तिप्पट का?" रास्त प्रश्न. या गल्लीत पहिल्यांदाच कुणी विचारला. उत्तर कागदावर देणार.

१३ ऑगस्ट

गल्लीतली सात घरं फिरले. आमच्या ताइनान शहरातला माणूस पगार सांगणार नाही, पण काय स्वस्तात पदरात पाडून घेतलं ते सांगायला चहा पाजेल. सातही जणांनी बिलं काढून दाखवली. पाच लायची – एकतीस हजारांपासून बावन्न हजारांपर्यंत. एक कुणा परक्या मिस्त्रीचं. एक माझ्या बाबांचं, २००४ सालचं; तेही हेच काम करायचे.

लाय नग मोजतो. सॉकेट अकराशे, बटण नऊशे. भिंतीतली वायर हा नग नव्हे, म्हणून तो ती मोजत नाही, आणि मोजत नाही म्हणून बदलत नाही. थोडक्यात, को काकांनी सेहेचाळीस हजारांना घरभर पांढरी झाकणं विकत घेतली. ती त्यांना फार आवडली आहेत. मला हात लावून पाहायला लावली.

सातही बिलांच्या तळाशी हाताने लिहिलेली एकच ओळ: देवाची लाइन सोडून.

बाबांच्याही.

१४ ऑगस्ट

नीट मांडून ठेवते.

देव्हाऱ्यातले दोन लाल दिवे रात्रंदिवस जळतात. विझू द्यायचे नसतात. म्हणून कुठलाच मिस्त्री त्या लाइनला हात लावत नाही. दिवे मिळून दहा वॅटचे – काही बिघडत नाही. पण जी लाइन कधी बंद होत नाही तिच्यावर माणसं फ्रीज लावतात. मग भाताचा कुकर. मग मुलाने आणलेला एसी. सगळ्यात जुन्या वायरवर सगळ्यात जास्त ओझं, तेही भक्तिभावाने.

आजींच्या देव्हाऱ्यामागचा जोड, कुकर चालू असताना: एकाहत्तर अंश. मागची फळी काळी पडलीय.

"उदबत्तीचा धूर गं तो," आजी म्हणाल्या.

उदबत्ती समोर लावतात. डाग मागे आहे.

१७ ऑगस्ट

आजींनी कागद परत दिला. माझं उत्तर वाचलं, पटलं, सगळं मंजूर. फक्त एक ओळ पेन्सिलने खोडलेली: देवाची लाइन, सहा हजार आठशे.

"आणि सुरुवात पुढच्या महिन्यात. हा पितरांचा महिना. या महिन्यात भिंतीला कुणी हातोडा लावत नाही."

ती ओळ नसेल तर बाकीचंही मी करणार नाही, म्हटलं. आगीला घरात ठेवून बाकीचं घर सजवायचं नाही मला.

"तुझे बाबा असं बोलले नसते."

खरं आहे. बाबा या गल्लीत तीस वर्षं वायरी ओढत होते आणि गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलवत होते.

२१ ऑगस्ट

आजींनी देवालाच विचारायचं ठरवलं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी कौल. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. लागोपाठ तीन होकार हवेत – म्हणजे आठात एक शक्यता.

पहिल्याच फेकीला दोन्ही उताणे – होकार नव्हे, देवाचं हसू.

"देव हसतोय," को काका म्हणाले. "आकडा ऐकला त्याने."

एकाहत्तर अंशांचा निकाल लाकडाचे दोन तुकडे लावणार. मी बूट घातले.

२२ ऑगस्ट

लायने आजींना एकोणचाळीस हजार सांगितले. देवाची लाइन सोडून.

२६ ऑगस्ट

सकाळी सातला आजींचा फोन. दिवे आपोआप विझले. देवाने स्वतः विझवले असं त्यांचं म्हणणं. जोड वितळून तुटला असं माझं. फळीला तळहाताएवढं भोक, कडा अजून गरम. तुटला म्हणून थांबलं. आणखी थोडा वेळ धरून राहिला असता तर फळी पेटली असती; आजी वरच्या मजल्यावर झोपलेल्या होत्या आणि जिना देव्हाऱ्याला लागून आहे.

"विझलेच आहेत तर आता कर," त्या म्हणाल्या.

"आणि पितरांचा महिना?"

"त्यांना मी सांगते. तू वायर ओढ."

जुनी वायर बाहेर काढताना वरचं आवरण टरफलासारखं गळत होतं. को काका पाहायला आले, त्यांनी एक तुकडा उचलून बोटांत चुरगळला, मग विचारलं, "माझ्याकडची लाइन फक्त पाहायची झाली तर किती घेशील?"

पाचशे, म्हटलं. त्यांनी घासाघीस केली. चारशे.

३० ऑगस्ट

आईकडे जेवायला. गेली नऊ वर्षं माझ्याकडे परवाना आहे आणि गेली नऊ वर्षं दर आठवड्याला मी इथे जेवते. आज पहिल्यांदा आमच्या देव्हाऱ्यामागे बॅटरीचा उजेड टाकला. तसलीच जुनी वायर. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर बाबांच्या अक्षरात १९८७. फ्रीज त्याच लाइनवर, कुकरही. जोड चौसष्ट अंश.

बाबांच्या फोटोवर लाल उजेड होता. "ते गेल्यापासून एकदाही विझला नाही," आई मागून म्हणाली.

मेनच्या खटक्यावर बोट ठेवलं. मग काढलं.

आईला विचारलं, कौल कुठे ठेवलेत.