सतरा नंबरची ओ

हिंगोली, १० जानेवारी २०२५

चि. प्रेमदास यास अनेक आशीर्वाद.

काल शेंगा फोडत बसले होते, तर उन्हाळी सुट्टीतली आपली लिंबाखालची शाळा आठवली. बापूचं धोतर डोक्यावर घेऊन मी सिस्टर व्हायचे आणि हजेरी घ्यायचे. आपल्या दोघांच्या मधली शितल टाचा जुळवून ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणायची. तू चार वर्षांचा. शेळ्यांची नावं पुकारली की ओ तूच द्यायचास! सातही शेळ्या तुझ्या आवाजात हजर. शितल हसून लोळायची.

तुझी संगिता फोनवर म्हणाली, की दिपाला तू शाळेतून काढलंस आणि घरीच शिकवतोस. उतारवयात नवसानं झालेली एकुलती लेक, मान्य. पण काहून? मला वसतिगृहातल्या सिस्टरांनीच घडवलं. त्यांची प्रार्थना म्हणाले म्हणून आपली देवी माझ्यावर रुसली नाही.

हळद काढायला माणसं मिळाली का? माझं बरं आहे. यंदा संध्याकाळी घर फार शांत वाटतं, झोपही लागते.

माझ्या वाटची माया आधी दिपाला दे, उरली तर तू घे.

तुझी शिलाबाई

*

कुरुंद्याजवळचा तांडा, २ फेब्रुवारी

ती. शिलाबाईस सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की दिपा दाराआड येऊन उभी राहते, म्हणून पत्र लिहून राहिलो.

शाळेत गेल्यापासून देवीपुढं तिला आपल्या बोलीतली अरदास येईना, शाळेतलीच प्रार्थना म्हणायची. याडी मरेपर्यंत सांगायची, की माझ्या लेकीच्या, शितलच्या जिभेवर परकी प्रार्थना बसली, म्हणून ती वसतिगृहातून निघाली तव्हा देवीनं तिला ओळखलं न्हाई आन् घरचा रस्ता दाखवला न्हाई. तू शिकलेली, हसशील. पण लेकरू माझं एकच हाय. अक्षरं मी शिकवतो, अरदास संगिता शिकवते.

एक मात्र समजत न्हाई. दिवेलागण झाली की दिपा हातातलं टाकते, भिंतीकडं तोंड करून उभी राहते, ऐकते, आन् ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणते. एकदाच. इचारलं तर म्हणते, सतरा नंबर पुकारला. तिच्या शाळेत सिस्टर न्हाईत, सगळ्या मॅडम. नंबर तिचा चार होता.

बाई, शितलचा नंबर कोणता होता?

लहान भावाला इसरू नको.

प्रेमदास

*

तांडा, २५ फेब्रुवारी

ती. शिलाबाईस नमस्कार.

तुझं उत्तर न्हाई. संगितानं कशिदा शिकायला लाल दोरा दिला, तर पोरीनं फ्रॉकच्या गळ्याच्या आतून १७ काढला. होळीला किती दिवस राहिले, हे रोज इचारते. तिच्या उशाखाली फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या सापडल्या. म्हणते, होळीला घरी जायचंय. मी म्हणलं हेच घर हाय, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून मला पेमा म्हणाली. मला पेमा कोण म्हणायचं, तुला ठाऊक हाय.

आता दाराला दिवसाही कडी असते. तुला काय माहीत असंल ते बराबर सांग, बाई.

प्रेमदास

*

हिंगोली, ४ मार्च

चि. प्रेमदास,

शितलचा नंबर सतरा. तिच्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं तो मीच काढला होता.

त्या वर्षी होळीला सुट्टी नव्हती. याडीचा नवस होता. शितल म्हणाली, की देवी वाट बघते. जेवणातल्या दोन पोळ्या फडक्यात बांधून ती कुंपणातून निघाली. मला सांगून गेली, की संध्याकाळच्या मोजणीत माझी ओ तू दे, म्हणजे घरी पोचेपर्यंत कुणी शोधणार नाही. दिवेलागणीला सिस्टरांनी सतरा पुकारलं. मागच्या रांगेतून मी बारीक आवाजात ओ दिली. मला तो आपल्या शेळ्यांचाच खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला कुणी शोधलं नाही. ती ना तांड्यावर पोचली, ना परत आली.

प्रार्थनेनं नाही रे, माझ्या ओनं नेलं तिला. याडी सिस्टरांना शाप देत राहिली आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यानंच आज दिपाची शाळा सुटली.

अजून एक. पन्नास वर्षं रोज दिवेलागणीला मला सतरा ऐकू यायचं आणि मी ओ द्यायचे. यंदा पौषात ते थांबलं. मला वाटलं, मी सुटले. ते तुझ्या घरी गेलं, हे तुझ्या पत्रानं कळलं.

होळीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीआधी येते. पुकारा झाला की दिपाच्या तोंडावर हात ठेव. शितल हजर नाही, हे मीच सांगेन.

माया राहील तेवढी राहू दे, मागणार नाही.

शिलाबाई

ता. क. पेटी शेजारच्या रणजीतसोबत पुढं पाठवते. पाटी दिपाची; होळी झाली की तिला शाळेत घाल, घरी अरदासही म्हणू दे, दोन्ही मावतं. चांदीचे वाळे संगिताला. प्रार्थनेचं पुस्तक तुला, एकदा वाच, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. घराची किल्ली पेटीच्या तळाशी आहे, ती तुझ्याकडेच राहू दे, मला परत लागणार नाही. सतरा नंबरचा स्वेटर मात्र पेटीत शोधू नकोस. तो मी हातात घेऊन येते. ती इतकी वर्षं रस्त्यातच आहे, तिला थंडी वाजत असेल.