विमानात जागा

हॅलेट लेक खाण,
२४ फेब्रुवारी १९८०

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. फक्त बोलायला कोणी नाही. चाळीस माणसं आहेत, पण सगळी ताटाशीच बोलतात. निदान जनरेटरची घरघर सोबतीला होती, आता रात्री तीही बंद. डिझेल महागलं ना!

त्यापायीच विमान महिन्यातून एकदाच येतं. इथे आता तेल ठेवत नाहीत. परतीच्या तेलाची पिंपं विमान सोबतच आणतं, म्हणून निम्म्या खुर्च्या काढून टाकल्यात. माझी पाळी मार्चअखेर. म्हणजे ईशबेलकडचं घोंगडं आपटणं हुकलंच! ताई, तू जाशीलच. वीण घट्ट बसावी म्हणून मेजावर नवं ओलं घोंगडं आपटत पोरींची नावं पोरांशी जोडायचं गाणं लागलं, की तिच्या नावापुढे माझं घाल. त्या डंकन मास्तरचं कोणी घातलं तर सरळ गाणंच बंद पाड. हसू नकोस. मी कॉलेज सोडलं तेव्हाही हसलीस, आणि बाबा तर अजून माझ्याशी बोलत नाहीत. ईशबेल काय म्हणते ते जसंच्या तसं कळव.

लोभ आहेच, तो या थंडीत गोठू नये.
तुझा,
लॉकलन

ग्लेन मोराग, केप ब्रेटन,
१२ मार्च १९८०

चि. लॉकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घातलं बाबा तुझं नाव, घसा बसेस्तोवर! ईशबेल लाल झाली. मग म्हणाली, नाव काय, टपालानंही येतं, माणूस कुठाय? बायका इतक्या हसल्या की घोंगडं खाली पडलं. पण नको असलेलं नाव पोरी गाण्यातच परत फेकतात, तुझं तिनं फेकलं नाही हो.

आता खरं सांगते. तिच्या वडिलांनी बोट विकली. मासळीत मिळतं त्याहून जास्त ती डिझेल पिते, म्हणाले. घर तापवायचं तेलही परवडेना. ईस्टर झाला की सगळे मामाकडे हॅमिल्टनला निघालेत, कारखान्यात कामाला. तिनं मला अंगणात गाठलं. म्हणाली, ईस्टरपर्यंत त्यानं स्वतः येऊन विचारलं तर मी जाणार नाही, तुमच्याकडे राहीन, पण पत्रातून विचारलेलं चालणार नाही. तेव्हा येच. आणि वाटेत कोणाशी भांडू नकोस.

लोभ वाढव, राग कमी कर.
तुझी,
एफीताई

हॅलेट लेक खाण,
३० मार्च १९८०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि माझं विमान एकदमच उतरलं. पत्र धावपट्टीवरच वाचलं आणि नाचत आत जाऊन बसलो. तेवढ्यात पायलट लुसियाँ म्हणाला, वजन जास्त होतंय, कोणीतरी एकानं उतरा. म्हातारा योहान्सन उठलासुद्धा होता गं! मी गप्प बसलो असतो तर निघालो असतो. पण माझं डोकं आधीच पेटलं. म्हणालो, तुझं पोट उतरव, दोघं जास्तीचे मावतील. सगळे हसले, लुसियाँ सोडून. त्यानं दंड धरून मला बर्फात उतरवलं. बॅग दे म्हणून ओरडलो, तर म्हणतो, ती राहू दे, ती तोंड चालवत नाही. आणि दार लावलं.

साहेबांना म्हटलं, रेडिओवरून घरी निरोप तरी द्या. ते म्हणाले, प्रेमासाठी जनरेटर लावत नसतो. हे पत्र पुढच्या विमानाशिवाय हलणार नाही, तोवर ईस्टर उलटून जाईल. माहीत आहे, तरी लिहितोय. दुसरं कोणाशी बोलू? पायात स्वयंपाक्याचे मोजे आहेत, तेही घट्ट होतात.

लोभ असू दे, लायकी नसली तरी.
लॉकलन

ग्लेन मोराग,
९ एप्रिल १९८०

चि. लॉकीस,
आशीर्वाद, आणि मनातल्या मनात एक चपराक.

ईस्टरच्या आधी टपालगाडीनं तुझी बॅग आली. ईशबेल धावतच आली, गाडीच्या मागे जाऊन बघून आली. मग हसून म्हणाली, लॉकी हप्त्याहप्त्यानं येतोय वाटतं. त्यानंतर ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून होती. बस आली की उठायची. बाबाही दोनदा थांब्यावर जाऊन आले.

सोमवारी तिच्या वडिलांनी दारात हॉर्न वाजवला. मी म्हटलं, अगं, काहीतरी अडलं असेल, थांब. ती म्हणाली, ताई, अडला असेल नाहीतर भांडला असेल, दोन्हीत वाट मीच बघायची. आणि गेली.

बॅग इथेच आहे. बसल्या बसल्या तिनं तुझे फाटके मोजे रफू करायला घेतले होते. शेवटच्या मोज्यात सुई तशीच आहे. मी ती काढलेली नाही.

लोभ आहे, आणि वाटही बघतोय.
एफीताई