मासवणची जमीन भाग्यश्रीच्या नावे

मी, प्रफुल्ल सुका वरठा, वय तेवीस, राहणार मासवण, तालुका पालघर, सध्या अरुणाचलच्या डोंगरात सर्व्हे पार्टीचं सामान वाहतो. डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहितो. शाळा सहावीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नये.

कारण असं. शंभर वर्षांपूर्वी सर्व्हेवाल्यांनी पायी हिंडून या डोंगरांचा नकाशा काढला. त्यात एक जागा कोरीच राहिली. तिथवर कोणी पोचलं नाय. उद्या आमची पार्टी तिकडे चढणार. भीती नाय, पण वाट बर्फाची आहे.

मासवणचं घर व जमीन माझी बहीण भाग्यश्री हिला द्यावी. आईबाप गेल्यापासून भात-नाचणी तीच करते. मी आधी सालवडला कारखान्यात, मग सुरतेला, मग इथे. एका जागी बूड टेकत नाय. चुलतभाऊ चिंधू म्हणतो, "आपल्यात पोरीच्या नावावर जमीन करत नाय. ती उद्या नवऱ्याघरी जायची." जाऊ दे की, दादा. राबली ती, मग धनी तू कसा?

माझा कोयता मात्र चिंधूदादालाच. त्याने आमचा बांध कोरू नये.

चढायचे बूट सफाळ्याच्या नीलेशला. त्यानेच मला या कामाला आणलं, आणि तेव्हापासून त्याचा बुटांवर डोळा आहे.

परवा खिंडीत दगडांची रास दिसली. मला वाटलं, आपल्या शिवेवर वाघोबा असतो तसा इथला देव. मी बूट काढून तांदूळ वाहिले. आमच्या पार्टीचे मोठे साहेब, रावतसाहेब, हसले, "अरे प्रफुल, ये भगवान नहीं, पुराने सर्वेवालों का निशान है!" मग त्यांनीही टोपी काढली. मी गेलो तर त्या राशीत माझ्या नावाचा एक दगड ठेवावा. साहेब म्हणतात, "लौटते वक्त खुद रखना."

शेवटचं. मी जिवंत परतलो तरी जमीन भाग्यश्रीचीच, असं लिहिलं होतं. नीलेश ओरडला, "येड्या, जितेपणी दिलंस तर ते मृत्युपत्र नाय, बक्षीसपत्र! त्याला तू सोता पालघरला हजर पायजेस."

तर मी हजर राहणार. भाग्यश्री, आधार कार्ड काढून ठेव. चिंधूदादा, साक्षीला तूच ये.

सही: प्रफुल्ल सुका वरठा

साक्षीदार, दोघांसमोर वाचून सही केली:
१. नीलेश नामदेव पाटील, सफाळे
२. रावतसाहेब (हिंदीत समजावल्यावर)

ठिकाण: वरचा तळ, अरुणाचल प्रदेश
तारीख: ९ ऑक्टोबर २०२४